सेंट जेम्सला राहायला येताय? शाळा, पॅनयार्ड, होसे, सगळं एकेक करून

पोर्ट ऑफ स्पेनला, म्हणजे कॅरिबियनमधल्या त्रिनिदादच्या राजधानीत, नोकरी लागली, मुलंबाळं घेऊन येतोय, असे मेसेज मला वर्षातून चार-पाच तरी येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला, "शाळा कुठली चांगली?" मग मी दरवेळी तेच टाइप करत बसते, म्हणून आता एकदाच नीट लिहून काढते. आम्ही त्रिनिदादला आलो तेव्हा मुलगी तिसरीच्या वयाची होती, मुलगा पाच वर्षांचा, आणि आम्हीपण हाच एक प्रश्न घेऊन आलो होतो. आता इतकी वर्षं राहिल्यावर मला मनापासून वाटतं की या भागात शाळा आणि मोहल्ला अशा दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. पोर शाळेत रमतं की नाही हे बरंचसं संध्याकाळी ते कुठे जातं त्यावर ठरतं. त्यामुळे शाळेचं सगळं सांगतेच, पण त्याच्या आधी आणि नंतरचं पण वाचा.

आधी हा भाग काय आहे ते बघा

सेंट जेम्स म्हणजे शहराच्या पश्चिमेचा भाग, मधून वेस्टर्न मेन रोड जातो, आणि त्याच्या बाजूच्या गल्ल्यांची नावं वाचलीत तर पहिल्या दिवशी गंमतच वाटते: दिल्ली स्ट्रीट, कलकत्ता स्ट्रीट, मद्रास स्ट्रीट, लखनौ, पाटणा, आग्रा. पूर्वी इथे उसाचे मळे होते आणि करारावर आणलेले हिंदुस्थानी मजूर या बाजूला वस्ती करून राहिले, त्यातून ही नावं. नेपाळ स्ट्रीटवर २६ नंबरचं घर आहे, लेखक व्ही. एस. नायपॉल यांच्या कुटुंबाचं, तेच पुढे २००१ साली नोबेल मिळालेले. बाहेरून अगदी साधं दुमजली घर आहे, पण मुलांना नेऊन दाखवा, की बघा एवढ्याशा गल्लीतून माणूस कुठे गेला.

त्याला लागून शहराच्या बाजूला वुडब्रुक. हापण आधी मळाच, अँगोस्टुरा बिटर्स (पेयांत थेंबभर टाकायचा कडू अर्क) बनवणाऱ्या झिगर्ट कुटुंबाच्या मालकीचा, आणि १९११ मध्ये शहराकडे गेला. तिथल्या कार्लोस, लुईस, आल्बेर्तो, आना, पेत्रा वगैरे गल्ल्या म्हणजे त्या घरातल्या माणसांची नावं. वुडब्रुकमध्ये लाकडी नक्षीची जुनी घरं, एरियापिटा अ‍ॅव्हेन्यूवरची हॉटेलं, पॅनयार्डं (म्हणजे स्टीलपॅन बँडच्या सरावाच्या जागा, पुढे सांगतेच), आणि बेरिल मॅकबर्नी यांनी १९४० च्या दशकात लोकनृत्यासाठी उभं केलेलं लिटल कॅरिब थिएटर. हे दोन्ही भाग एकमेकांना चालत जाण्याइतके जवळ आहेत, म्हणून मी दोन्हीचं एकत्रच लिहितेय.

घर घेताना

कंपन्यांचे लोक नव्याने येणाऱ्यांना बहुतेकदा वेस्टमूरिंग्जकडच्या गेटवाल्या सोसायट्या सुचवतात. तिथे राहणं चूक नाही, सुरक्षित वाटतं, इंटरनॅशनल स्कूल ऑफ पोर्ट ऑफ स्पेन पण तिथेच आहे. पण मग प्रत्येक गोष्टीला गाडी काढायची आणि शेजारी कोण ते महिनोन्महिने कळत नाही. आम्ही पहिलं वर्ष तसंच काढलं, मुलगी सारखी म्हणायची की आपण इथे कुणाला ओळखतच नाही, मग सेंट जेम्सला आलो.

इथे घर बघायला एकदा दिवसा जा आणि एकदा रात्री नऊनंतर जा. सेंट जेम्सला लोक न झोपणारं गाव म्हणतात आणि वेस्टर्न मेन रोडच्या अगदी कडेला घर घेतलंत तर ते शब्दशः खरं होतं, बार आहेत, खाण्याच्या गाड्या आहेत, गाण्याचे स्पीकर आहेत. दोन-तीन गल्ल्या आत गेलं की शांत. गुन्हेगारीचं म्हणाल तर ती या शहरात आहे, लपवून काय करायचं, पण ती गल्लीगल्लीप्रमाणे बदलते, त्यामुळे एजंटला विचारण्यापेक्षा कोपऱ्यावरच्या दुकानात विचारा की इथे मुलं संध्याकाळी बाहेर खेळतात का. रात्री उशिरा पायी फिरू नका, ओळखीचा टॅक्सीवाला धरून ठेवा.

ये-जा करायला मॅक्सी, म्हणजे आपल्या वडापसारखी छोटी बस, पश्चिमेकडच्या मॅक्सीला पिवळा पट्टा असतो, पूर्वेकडच्या लाल. शेअर टॅक्सीचा नंबर एच अक्षराने सुरू होतो. पी नंबरच्या खासगी गाड्यापण प्रवासी घेतात, पण ते बेकायदा आहे, मुलांना तर अजिबात बसवू नका.

पहिल्या आठवड्यातच लावून घ्यायच्या सवयी

दुकानात, बँकेत, शाळेच्या ऑफिसात, डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये, कुठेही आत शिरलं की आधी सगळ्यांना उद्देशून "गुड मॉर्निंग" म्हणायचं, दुपारी "गुड आफ्टरनून" आणि अंधार पडल्यावर "गुड नाइट". हो, इथे गुड नाइट भेटल्यावर म्हणतात, निरोप घेताना नाही. हे फारच महत्त्वाचं आहे. आपल्याकडे काउंटरवर जाऊन सरळ कामाचं बोलायची सवय असते, त्यात कुणाचा अपमान करायचा नसतो, पण इथे ते उद्धट वाटतं आणि मग समोरचं माणूस काम करतं पण हसत नाही. माझ्या मुलाला शेजारच्या आजीबाईंनीच शिकवलं हे, तो गेटमधून नुसता पळत गेला की त्या हाक मारून थांबवायच्या आणि "गुड मॉर्निंग" म्हणवून घ्यायच्या. मोठ्या माणसांना आंटी-अंकल, शिक्षकांना मिस आणि सर, नुसत्या नावाने कुणाला नाही. हे आपल्या मुलांना सोपं जातं.

अजून एक, मिलिटरीच्या ठिपक्यांचे, म्हणजे कॅमफ्लाज छापाचे कपडे इथे कायद्याने बंद आहेत, लहान मुलांचे टीशर्ट आणि बॅगा सुद्धा. पॅकिंग करतानाच बाजूला काढा.

शाळेची शिडी कशी आहे

शाळेचं वर्ष सप्टेंबर ते जुलै, तीन टर्म. तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी बालवाडी, त्याला ईसीसीई सेंटर म्हणतात. पाचव्या वर्षी प्रायमरी, त्यात आधी दोन वर्षं इन्फंट, मग स्टँडर्ड १ ते ५. म्हणजे इथली स्टँडर्ड ३ म्हणजे आपली तिसरी नव्हे, साधारण पाचवी होते. फॉर्म भरताना आमचा घोळ झाला होता, आम्ही तिसरी म्हणून स्टँडर्ड ३ लिहिलं आणि मुलीला तिच्यापेक्षा दोन वर्षं मोठ्या मुलांत बसवायची वेळ आली होती, नशीब मिसनी जन्मतारीख बघून विचारलं. त्यामुळे इयत्ता सांगूच नका, वय सांगा.

प्रायमरीनंतर सेकंडरी, फॉर्म १ ते ५. फॉर्म ५ ला सीसेक ही परीक्षा, ती सीएक्ससी नावाचं बोर्ड घेतं, हे बोर्ड १९७२ मध्ये स्थापन झालं आणि इंग्रजी बोलणाऱ्या बऱ्याच कॅरिबियन देशांचं मिळून आहे, म्हणजे बार्बाडोस, जमैका आणि इथला मुलगा एकच पेपर सोडवतो. त्यापुढे दोन वर्षं सिक्स्थ फॉर्म आणि केप परीक्षा, आपल्या अकरावी-बारावीसारखी. भारतात परत जायचा विचार असेल तर असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजकडे समकक्षतेचं काय ते फॉर्म ४ च्या आतच विचारून घ्या, कारण विषय तिथेच ठरतात आणि नंतर बदलता येत नाहीत.

सरकारी शाळा आणि सरकारची मदत घेणाऱ्या धार्मिक संस्थांच्या शाळा, दोन्हीकडे फी नाही. धार्मिक म्हणजे कॅथलिक, अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, हिंदू, मुस्लिम सगळ्यांच्या आहेत. कॅथलिक शाळेत हिंदू मुलं आणि उलटं पण, सर्रास असतं, घाबरू नका. सकाळच्या प्रार्थनेला उभं राहावं लागतं एवढंच.

आणि मग खासगी. मेपल लीफमध्ये कॅनडाचा अभ्यासक्रम आहे, इंटरनॅशनल स्कूलमध्ये अमेरिकन धाटणीचा. फी भरपूर असते, कंपनी देणार असेल तर ते काँट्रॅक्टमध्ये लिहून घ्या, तोंडी नको. दोन-तीन वर्षांसाठीच येणार असाल किंवा मूल सेकंडरीच्या वयाचं असेल तर खासगीचा विचार खरंच करा, कारण पुढे सांगते.

एसईए, ज्याच्याभोवती सगळं घर फिरतं

स्टँडर्ड ५ ला सेकंडरी एंट्रन्स असेसमेंट असते, सगळे एसईए म्हणतात. गणित, इंग्रजी आणि निबंधलेखन. पूर्वी कॉमन एंट्रन्स होती, २००१ पासून ही. साधारण मार्च-एप्रिलच्या सुमाराला परीक्षा आणि जून संपता संपता किंवा जुलैच्या सुरुवातीला निकाल, आणि त्या एका निकालावर अकरा-बारा वर्षांच्या मुलाची पुढची शाळा ठरते. पालक चार शाळा पसंतीक्रमाने लिहून देतात, मग मार्क आणि पसंती बघून मंत्रालय जागा देतं.

यात एक गोष्ट नवीन माणसाला कुणी सांगत नाही. १९६० मध्ये सरकार आणि धार्मिक संस्थांमध्ये एक करार झाला, त्याला कॉन्कॉर्डॅट म्हणतात, त्यानुसार संस्थांच्या सेकंडरी शाळांना पहिल्या वर्षाच्या २० टक्के जागा मुख्याध्यापकांच्या यादीने भरता येतात, बाकी ८० टक्के मार्कांवर. त्या यादीत आपल्या धर्माची, माजी विद्यार्थ्यांची, खेळात किंवा संगीतात चमकणारी मुलं असतात असं साधारण समजतात. यावर इथे दर निकालाला वाद होतो. मला स्वतःला हे पूर्ण पटत नाही, एका घरातल्या मुलाला चर्चच्या ओळखीने जागा आणि दुसऱ्याला दोन मार्कांनी नाही, हे बघवत नाही. पण त्याच करारामुळे संस्थांनी स्वतःच्या शाळा सांभाळल्या, वाढवल्या, हेही खरं आहे. तुम्ही नवीन आहात, यादीच्या मागे लागू नका, मार्कांच्या हिशोबाने चार शाळा लिहा, आणि चौथी शाळा अशी लिहा की जिथे मूल खरोखर गेलं तरी तुम्हाला चालेल.

"प्रेस्टीज स्कूल" हा शब्द तुम्हाला रोज ऐकू येईल. या बाजूच्या म्हणजे मुकुरापो रोडवरचं फातिमा कॉलेज, फ्रेडरिक स्ट्रीटचं सेंट मेरीज, मुलींचं सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंट, बिशप ॲन्स्टी, आणि क्वीन्स रॉयल कॉलेज, ज्याला सगळे क्यूआरसी म्हणतात. नावात कॉलेज असलं तरी या सेकंडरी शाळा आहेत, आणि मुलांच्या-मुलींच्या वेगवेगळ्या. क्यूआरसी सरकारी आहे, १९०४ ची ती घड्याळाची इमारत सव्हाना या शहरातल्या मोठ्या मोकळ्या मैदानाच्या कडेला आहे, पहिले पंतप्रधान एरिक विल्यम्स, लेखक सी. एल. आर. जेम्स आणि नायपॉल तिघेही तिथलेच. पण या पाचच शाळा आहेत असं समजून पोराला दोन वर्षं पिळून काढू नका. वुडब्रुक गव्हर्नमेंट सेकंडरीसारख्या सरकारी शाळांत पण मन लावून शिकवणारे शिक्षक आहेत, मी स्वतः पाहिलेत.

स्टँडर्ड ४ पासून सगळी मुलं "लेसन्स"ला जातात, म्हणजे आपले क्लासेस. शाळा सुटल्यावर, शनिवारी, ऑगस्टच्या सुट्टीत पण. पुण्या-मुंबईहून येणाऱ्यांना हे ओळखीचंच आहे. आम्ही फक्त गणित आणि निबंधाचे लावले. निबंध का, तर आपल्या मुलांचं इंग्रजी व्याकरण बरं असतं पण गोष्ट रचून लिहायची सवय नसते आणि इथे त्यालाच मार्क असतात.

आता खासगीचं का म्हटलं ते. मूल एसईएनंतरच्या वयाचं असेल तर सरकारी सेकंडरीत थेट शाळेच्या दारात जाऊन ॲडमिशन होत नाही, शिक्षण मंत्रालयाच्या जिल्हा कार्यालयातून जागा मिळावी लागते, त्याला वेळ लागतो आणि मिळेल ती शाळा घ्यावी लागते. प्रायमरीला मात्र सरळ शाळेत जाऊन भेटायचं, जागा असेल तर काम होतं.

कागदपत्रं

जन्माचा दाखला, लसीकरणाचं कार्ड, पासपोर्टच्या कॉपी, आधीच्या शाळेचे रिपोर्ट आणि दाखला, फोटो. आई-वडिलांचं वर्क परमिट असलं तरी मुलाला इमिग्रेशनकडून वेगळं स्टुडंट परमिट लागतं, ते विसरू नका. लसीकरणाचं कार्ड आपलं जुनं पिवळं पुस्तक असेल तर येण्याआधी डॉक्टरांकडून टाइप केलेली, सहीशिक्क्याची प्रत करून आणा. आमची त्यात तीन आठवडे रखडपट्टी झाली कारण एका लसीची तारीख पुसट होती. मराठीत असलेला कुठलाही कागद असेल तर इंग्रजी भाषांतर नोटरी करून आणा. मूळ प्रती हातातल्या बॅगेत, कार्गोत नाही.

युनिफॉर्मबद्दल शाळा कडक असतात, मोज्यांच्या रंगापर्यंत. यादी घेऊनच दुकानात जा. बऱ्याच शाळांत सरकारी योजनेतून नाश्ता आणि जेवणाचे डबे येतात, हवे असतील तर वर्गशिक्षिकेला सांगायचं. शाकाहारी असाल तर पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा, "व्हेजिटेरियन" शब्द सगळ्यांना नीट कळतो इथे, उपवास करणारी हिंदू घरं पिढ्यानपिढ्या आहेत.

सेकंडरीत स्पॅनिश असते. व्हेनेझुएला समुद्रापलीकडे अगदी जवळ आहे, आणि तिथून आलेली बरीच कुटुंबं आता या भागात राहतात. माझ्या मुलीची स्पॅनिश खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीमुळे सुधारली, आणि त्या मुलीचं इंग्रजी हिच्यामुळे.

पॅनयार्ड: इथे पोरांना घेऊन जाच

आता माझ्या आवडीच्या गोष्टीवर येते. स्टीलपॅन म्हणजे तेलाच्या लोखंडी पिंपाचा वरचा भाग ठोकून ठोकून त्यात सूर बसवलेलं वाद्य. इंग्रज सरकारने एकोणिसाव्या शतकात ढोल वाजवण्यावर बंधनं आणली, मग लोकांनी बांबू आपटून ताल धरला, मग डबे, पिंपं, आणि १९३०-४० च्या दशकांत याच पोर्ट ऑफ स्पेनच्या गरीब वस्त्यांत त्याचं वाद्य झालं. तेव्हा पॅन वाजवणाऱ्या पोराला घरचे वाया गेलेला समजायचे. १९९२ मध्ये ते देशाचं राष्ट्रीय वाद्य झालं. ज्या वाद्यासाठी पोलिसांचा मार खाल्ला ते वाद्य आज शाळेत शिकवतात, हे मुलांना सांगाल तर ती वेगळ्याच नजरेने बघतात त्याच्याकडे.

बँड जिथे सराव करतो ते पॅनयार्ड, बहुतेकदा एक मोकळी जागा, वर पत्रा, आणि स्टँडवर ओळीने पॅनं. वुडब्रुकमध्ये हॅमिल्टन होल्डर स्ट्रीटवर फेज टू पॅन ग्रूव्हचं यार्ड आहे, हा बँड १९७२ चा. इन्व्हेडर्स हा त्याहून कितीतरी जुना, त्याचं नाव क्वीन्स पार्क ओव्हल या क्रिकेटच्या मैदानासमोरच्या ट्रागारेट रोडशी जोडलेलं आहे, एली मॅनेट या पॅन घडवणाऱ्या मोठ्या कारागिराचा बँड तो.

जायचं कसं: जानेवारीपासून कार्निव्हलपर्यंत (इथला रस्त्यावरचा मोठा उत्सव, पुढे सांगते) रोज संध्याकाळी सराव असतो, तेव्हा नुसतं जाऊन उभं राहिलं तरी चालतं, सरावाला सहसा तिकीट वगैरे नसतं. पाण्याची बाटली घ्या, लहान मुलांच्या कानात कापूस, आणि बास पॅनच्या शेजारी उभे राहू नका. मोठ्या बँडमध्ये शंभरच्या आसपास लोक वाजवतात आणि समोर नोटेशन नसतं, सगळं पाठ. एक ओळ पन्नास वेळा घोटतात. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाईंचा मुलगा दिवसा बँकेत कॅशियर होता, संध्याकाळी सात ते मध्यरात्रीपर्यंत पॅन, आणि त्याच्या डाव्या हाताला वाजवणारी मुलगी पंधरा वर्षांची, शाळेच्या युनिफॉर्मवरच आलेली. डॉक्टर, प्लंबर, शाळकरी पोर एका रांगेत.

मुलाला शिकायचं असेल तर कार्निव्हलच्या धामधुमीत विचारू नका, त्यांना वेळ नसतो. ॲश वेन्स्डे, म्हणजे कार्निव्हल संपल्यावरचा बुधवार, होऊन जाऊ द्या, मग जाऊन विचारा की लहान मुलांचा वर्ग कधी असतो. शाळेत पॅनचा ग्रुप असेल तर आधी तिथे नाव द्या, शाळांची वेगळी ज्युनियर पॅनोरमा स्पर्धा असते. मोठ्यांची पॅनोरमा १९६३ पासून चालू आहे, क्वीन्स पार्क सव्हानावर. माझी मुलगी पहिल्या वर्षी वर्गात कुणाशी बोलायची नाही. टेनर पॅनवर शाळेच्या ग्रुपमध्ये बसली आणि दोन महिन्यांत तिला चार घरांतून वाढदिवसाचं बोलावणं आलं. मार्कांनी हे झालं नसतं.

होसे आणि ताशा

मी मूळची सांगलीकडची. कडेगावचे ताबूत लहानपणी पाहिलेत, हिंदू-मुसलमान सगळे मिळून उचलतात ते. त्यामुळे सेंट जेम्सला पहिल्यांदा होसे पाहिला तेव्हा मी रस्त्यातच रडले. होसे म्हणजे मोहरम, हुसेन नावावरूनच आलेला शब्द. मजुरांनी एकोणिसाव्या शतकात आणलेला, आणि अजून इथल्या काही घराण्यांनी, यार्डांनी जपलेला. पंचायती, कोकोराइट अशी यार्डांची नावं आहेत. कित्येक आठवडे आत बांबू, कागद, थर्माकोल, चमकीतून ताजिया घडतो, इथे त्याला "ताजा" म्हणतात, आणि तोपर्यंत बाहेरच्याला दाखवत नाहीत.

क्रम असा: फ्लॅग नाइट, मग स्मॉल होसे, मग बिग होसे, आणि त्यानंतर दिवसा निघणारी मिरवणूक, शेवटी ताजे समुद्रात सोडतात. दोन मोठ्या चंद्रकोरी असतात, हिरवी हसनची, लाल हुसेनची, प्रत्येक एकेक माणूस खांद्यावर घेऊन नाचवतो, आणि वजन इतकं की थोड्या थोड्या वेळाने माणूस बदलतात. तारखा चांद्र कॅलेंडरच्या, दरवर्षी अकरा दिवस मागे सरकतात, त्यामुळे जुन्या तारखेवर विसंबू नका.

आणि ताशे! इथे "टासा" म्हणतात. पुण्याचं ढोल-ताशा पथक ऐकलेल्याला कान टवकारायलाच होतं. मातीच्या भांड्यावर बकऱ्याचं कातडं, दोन बारीक काड्या, रस्त्याच्या कडेला शेकोटी करून कातडं तापवायचं म्हणजे आवाज कडक लागतो, गळ्यात मोठा ढोल, आणि झांज. पुढे वाजवणारा तो कटर. तालांना "हँड" म्हणतात, होसेचे हँड वेगळे, लग्नाचे वेगळे. वाजवणाऱ्यांत आफ्रिकन वंशाची पोरं, हिंदू, मुसलमान सगळे.

लहान मुलं असतील तर रात्रीच्या मिरवणुकीपेक्षा दिवसाची बघा. यार्डात जायचं असेल तर आधी विचारा, आत चपला काढाव्या लागतात, बरेचजण त्या दिवसांत उपास आणि व्रत पाळतात, म्हणून खाऊन-पिऊन किंवा हातात बिअर घेऊन कधीच जाऊ नका. रस्त्यावरचे बार उघडे असतात, लोक नाचतात पण, यावर इथल्या जुन्या माणसांची नाराजी आहे. हा शोक आहे. १८८४ मध्ये सॅन फर्नांडोकडे याच मिरवणुकीवर इंग्रज सरकारने गोळ्या घातल्या होत्या आणि मजूर मेले होते. मुलांना हे जाण्याआधी सांगा.

कार्निव्हल, थोडक्यात

ॲश वेन्स्डेच्या आधीचा सोमवार-मंगळवार. अधिकृत सुट्टी नसते पण सगळं बंदच असतं, दूध-भाजी आधी भरून ठेवा. त्याच्या आधीच्या आठवड्यात शाळांचे स्वतःचे कार्निव्हल असतात, पोरांना रंगीत कपडे लागतात, नोट येते. लहान मुलांची वेगळी परेड असते, किडीज कार्निव्हल, ती नक्की बघा, हाताने केलेले खरे पोशाख तिथे दिसतात. सोमवारी पहाटेच्या जूव्हेला चिखल आणि रंग लावतात, ते मोठ्यांसाठी.

"तुम्ही इंडियामधून इंडियन?"

हा प्रश्न तुम्हाला विचारतील, कारण इथे पिढ्यानपिढ्या राहिलेले इंडियनपण आहेत. ३० मे १८४५ ला फातेल रझाक हे जहाज २२५ माणसं घेऊन आलं, १९१७ पर्यंत अशी जहाजं येत राहिली, बहुतेक माणसं बिहार-उत्तर प्रदेशकडची, कलकत्त्याहून चढलेली. ३० मे ला इंडियन अरायव्हल डेची सुट्टी असते, शाळेत त्या आठवड्यात साडी-कुर्ते. आज त्यांची पाचवी-सहावी पिढी आहे. हिंदी बोलत नाहीत, पण आलू, बैगन, चन्ना, गीरा, भाजी हे शब्द आफ्रिकन वंशाची आंटीपण सहज वापरते.

माझी कळकळीची विनंती, त्यांचे उच्चार सुधारायला जाऊ नका. "अहो ते दिवाळी आहे, दिवाली नव्हे" हे एका नव्या बाईंनी माझ्यासमोर देवळात सांगितलं होतं, मला फार वाईट वाटलं. ज्या लोकांनी सगळं हिरावलं गेल्यावर हे एवढं जपलं, त्यांना आपण काय शिकवणार. जात विचारू नका, गाव विचारू नका, बहुतेकांना ते माहीत नाही आणि तो दुखरा विषय आहे. एथेल स्ट्रीटवर पश्चिम काशी मंदिर आहे, तिथे जा, खुर्च्यांवर बसून इंग्रजीत प्रवचन ऐका, भजनात सामील व्हा. मुलांना तबला, हिंदी, कथक शिकवायचं असेल तर माउंट होपला भारत सरकारचं महात्मा गांधी सांस्कृतिक केंद्र आहे, थोडं लांब पडतं. दिवाळीची सार्वजनिक सुट्टी असते, १९६६ पासून, आणि चगुआनासला दिवाली नगर भरतं, मुलांना तिथे एक संध्याकाळ न्याच.

खाण्याचं काळजीचं काहीच कारण नाही. सकाळी डबल्स, म्हणजे "बारा" नावाच्या दोन मऊ पुऱ्या आणि मध्ये चन्ना, विकणारा "पेपर?" विचारेल, म्हणजे तिखट हवं का, पहिल्यांदा "स्लाइट", म्हणजे थोडंसंच, म्हणा. बैगन चोखा म्हणजे आपलं भरीतच. आणि बाजारात "डशीन बुश" दिसेल ते अळू. त्याच पानांना डाळीचं पीठ लावून तळलेली सहीना मिळते, माझ्या सासूबाई इथे आल्या तेव्हा पहिला घास खाऊन म्हणाल्या, अगं ही तर अळूवडी.

शनिवार-रविवार मुलांना कुठे न्यायचं

सव्हाना, तिथे नारळपाणी, बोटॅनिक गार्डन आणि एम्परर व्हॅली झू. नॅशनल लायब्ररीचं कार्ड पहिल्याच महिन्यात काढा. एप्रिल-मेच्या सुमाराला बोकास लिटफेस्ट हा साहित्याचा उत्सव असतो, त्यात मुलांसाठीपण कार्यक्रम असतात. सेंट जेम्सलाच रॉक्सीच्या चौकात लॉर्ड किचनर या कॅलिप्सो गायकाचा पुतळा आहे, टॅक्सीवाल्याला तीच खूण सांगायची.

आणि क्वीन्स पार्क ओव्हल. १९७१ च्या मार्चमध्ये अजित वाडेकरच्या टीमने वेस्ट इंडीजला पहिल्यांदा टेस्टमध्ये हरवलं ते याच मैदानावर, दिलीप सरदेसाईचे ११२, आणि सुनील गावस्करची ती पहिलीच टेस्ट, ६५ आणि नाबाद ६७. पुढच्याच महिन्यात त्याच मैदानावर त्याने एका टेस्टमध्ये १२४ आणि २२० काढले. १९७६ मध्ये ४०३ चं टार्गेट भारताने इथेच गाठलं. वयस्कर टॅक्सीवाल्याला तुम्ही मुंबईकडचे आहात एवढं सांगून बघा, तो गावस्करचं नाव काढेल आणि तुमचं उतरायचं ठिकाण मागे जाईल. आमच्या गल्लीतल्या एका अंकलनी त्यातल्या एका सामन्याचं वर्णन माझ्या मुलाला दोन तास गेटवर उभं राहून सांगितलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःची जुनी बॅट आणून दिली. ती बॅट तो अजून लेसन्स संपल्यावर घेऊन जातो, गल्लीच्या टोकाला, साडेपाचला, तुमचं पोर असेल तर त्यालाही तिथेच पाठवा.